मोटारीचा इतिहास व प्रश्न

काकूंनी अट घातली ती कपाटासमोर उभं राहून, हातात शिवणाची टेप घेऊन.

"दहा," त्या म्हणाल्या. "तुमचं हे मोटारपुराण खुर्चीवर बसून, मध्ये न उठता ऐकून घेणारी दहा माणसं मला दाखवा. वह्या राहतील, बाळाचे कपडे मी माझ्या डोक्यावर ठेवीन. दहा नाही जमली, तर लेक बाळाला घेऊन यायच्या आत रद्दीवाला येईल. आणि त्यात मला धरायचं नाही. मी ऐकत नाही, मला ऐकावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी कपाटाच्या खणाची उंची मोजली, खोली मोजली आणि टेप गुंडाळून गळ्यात अडकवली. फाशीची शिक्षा सुनावल्यावर न्यायाधीश चष्मा पुसतात म्हणे, तसं.

ज्यांना ही शिक्षा झाली त्यांना सगळी इमारत सेकंदकाका म्हणायची. काका खिळ्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होते. कामगार फाटकातून किती वाजता आत आला हे लिहिण्यात त्यांची हयात गेली, आणि त्या हयातीत वेळेवर असा कोणी आलाच नाही. वेगाबद्दलची त्यांची भक्ती बहुधा त्यातूनच उपजली असावी. चौतीस वर्षं त्यांनी मोटार-शर्यतींची माहिती जमवली. कोण कुठे जिंकला, किती सेकंदांनी जिंकला, कोणाचं चाक निखळून प्रेक्षकांत गेलं, सगळं बारीक अक्षरात, शाईच्या पेनाने. एकतीस वह्या. जाड पुठ्ठ्याच्या, दोनशे पानी, पाठीवर आकडे घातलेल्या. आता गंमत अशी की स्वतः काकांना गाडी लागते. बाजारापर्यंत टॅक्सीने जायचं तरी ते खिडकीशी बसतात आणि डोळे मिटून घेतात. पण ते जाऊ द्या. पोहता न येणाऱ्या माणसाने समुद्राचे नकाशे काढू नयेत असा कुठे कायदा आहे?

आणि माहिती काय साधीसुधी होती म्हणता? अठराशे चौऱ्याण्णव साली मोटारींची जी पहिली चढाओढ झाली, तिच्यात जो पहिला पोचला त्याला पहिलं बक्षीस मिळालंच नाही, कारण त्याच्या वाफेच्या गाडीत कोळसा घालायला वेगळा माणूस लागत होता. एकोणीसशे अकरा साली एकाने मागचं दिसावं म्हणून गाडीला आरसा लावला, शर्यत जिंकली, आणि पुढे कबूल केलं की आरसा इतका थरथरत होता की त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. छत्तीस साली एकाने पाचशे मैलांची शर्यत जिंकून प्यायला काय घेतलं, तर ताक. एकाहत्तर साली पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत फरक किती, तर एक शतांश सेकंद. हे सगळं काका ज्याला त्याला सांगायला जात, आणि ज्याला त्याला अगदी त्याच वेळी गॅसवर ठेवलेलं दूध आठवे. जिन्यात काकांची चाहूल लागली की वरच्या मजल्यावरचे विमावाले, जे स्वतः आयुष्यभर लोकांचे दरवाजे ठोठावत आले, ते आपलं दार लावून घ्यायचे. त्याहून मोठा अपमान माणसाचा कोणता असेल?

तरी अट पडल्यावर काका पहिल्यांदा गेले ते विमावाल्यांकडेच. दार उघडं सापडलं होतं.

"दहा माणसं?" विमावाले म्हणाले. "काका, आपण होऊन माणूस स्वतःच्या मरणाचंसुद्धा ऐकत नाही. मी तीस वर्षं सांगतोय. तुम्ही असं करा, भाषण नको, प्रश्न विचारा. प्रश्नमंजूषा! बरोबर उत्तराला बक्षीस. माणूस ऐकायला येत नाही हो, उत्तर द्यायला येतो. आपल्याला सगळं कळतं हे दाखवायची संधी द्या, माडीवरून उडी मारून येईल."

सल्ला सोन्यासारखा होता. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी त्याला पुरवणी जोडली: "प्रश्न सोपे ठेवा, आणि चूक उत्तर देणाऱ्याला उभं करा." काकांनी निवृत्तीच्या वेळी कारखान्याने दिलेलं स्टॉपवॉच बक्षीस म्हणून काढून ठेवलं. काळजावर दगड ठेवूनच, पण ठेवलं. इमारतीच्या तळमजल्यावर हॉल होता. काका स्वतः इमारतीच्या सोसायटीचे मानद चिटणीस होते. (हे पद त्यांना कसं मिळालं? वार्षिक सभेत ते पाणी प्यायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा एकमताने निवड झालेली होती.) म्हणजे हॉल आपला, चिटणीस आपण, वह्या आपल्या. आता अडणार कुठे?

अडलं ते वॉर्ड ऑफिसच्या सात नंबरच्या खिडकीवर. हॉलमध्ये कार्यक्रम करायचा तर तिथला मंजुरीचा शिक्का लागे. काकांनी सुवाच्य अक्षरात अर्ज नेला. विषय: मोटार-शर्यतींचा इतिहास, प्रश्नमंजूषा.

खिडकीतल्या बाईंनी वाचलं आणि अर्ज परत सरकवला. "शर्यतीचा अर्ज निळा असतो."

निळ्या अर्जावर रकाने होते. सहभागी प्राण्याचा प्रकार. वय. रंग. शिंगे असल्यास लांबी. सोबत पशुवैद्याचा दाखला.

"बाई, प्राणी नाहीत. मोटारी आहेत."

"मग प्रकारात 'इतर' लिहा."

"पण शर्यत होणारच नाहीये! होऊन गेलेल्या शर्यतींबद्दल नुसतं बोलायचंय."

बाईंनी मान वर केली. "होऊन गेल्या? परवानगी न घेता?"

"अहो, अठराशे चौऱ्याण्णव साली! तेव्हा ही खिडकीसुद्धा नव्हती!"

"खिडकी होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी नव्हते. दाखला आणा."

वाचकहो, निराश माणूस काय करील सांगता येत नाही. काका खरोखर पशुवैद्याकडे गेले. कान दुखणारी एक मांजर आणि काहीच न दुखणारा एक कुत्रा यांच्या मध्ये बाकावर पाऊण तास बसले. डॉक्टर सज्जन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखला देतो की. पण तपासल्याशिवाय मी कोणालाच दाखला देत नाही. मोटार घेऊन या. ताप कुठून मोजायचा तेवढं तुम्ही दाखवा."

तिसऱ्या खेपेला सात नंबरच्या बाईंना दया आली. रडवेल्या म्हाताऱ्याची दया नव्हे, रांग अडली होती त्याची. त्यांनी लाल पेन घेतलं. "काका, 'शर्यत'च काढून टाका ना. शर्यत नाही तर निळा अर्ज नाही." आणि 'शर्यत' गेली. मग पेन पुढच्या शब्दावर थबकलं. "ही मंजूषा कोण? बाहेरून पाहुण्या येणार असतील तर त्यांचं ओळखपत्र लागेल."

"मंजूषा म्हणजे पेटी हो!"

"पेटी आणणार असाल तर तपासणी पथक येईल." मंजूषाही गेली.

उरलं ते बाईंनी कोऱ्या कागदावर टाइप करून, शिक्का मारून दिलं. काकांनी ते जिन्यात वाचलं. *मोटारीचा इतिहास व प्रश्न.* 'मोटारींचा' मधलं टिंब पडलं होतं. जगातल्या झाडून साऱ्या मोटारींची मिळून एक मोटार झाली होती. काका धावत परत गेले.

"बाई, एक टिंब राहिलंय."

"एका टिंबासाठी नवा अर्ज करणार? करा. पंधरा दिवस लागतील." बाईंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं: मंजूर मजकुरात काना-मात्रेचाही फरक केल्यास परवानगी रद्द समजावी.

लेक येत्या बुधवारी येणार होती. ज्या माणसाने एका शतांश सेकंदासाठी वहीची तीन पानं खर्ची घातली होती, त्याने टिंब गिळलं. आणि इथेच, बघा, त्याचा घात झाला.

घरी येऊन त्यांनी तो मजकूर, न जाणो परवानगी रद्द व्हायची म्हणून, अक्षरशः जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. *मोटारीचा इतिहास व प्रश्न. रविवार, सायंकाळी साडेपाच. हॉल. सर्वांनी यावे. – मानद चिटणीस.* मग वॉचमनला हाक मारली. वॉचमन म्हणजे इमारतीइतकाच जुना माणूस. आज्ञाधारक इतका की त्याला 'जरा थांब' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच उभा. काका म्हणाले, "रविवारी मोटारीचा कार्यक्रम आहे. लोक बघायला येतील. सगळं कसं चकाचक पाहिजे!"

"मोटारपण चकाचक?" वॉचमनने विचारलं.

काकांना वाटलं, हा भिंतीवर लावायच्या चित्रांबद्दल बोलतोय. "मोटार तर पहिली!" ते म्हणाले आणि प्रश्न निवडायला वर गेले.

आता इमारतीत मोटार कोणती असते हे तुम्हाला-आम्हाला कोणी सांगायला नको. जिन्याखालच्या खोलीत असते, घुंऽऽ असा आवाज करते, खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवते. शुक्रवारी सकाळी वॉचमनने तिचं बटण बंद केलं, तिला घासली, पुसली आणि तांबड्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. शनिवारी, रंग नीट दिसेना म्हणून, तिसरा दिला. बटणाशेजारी खडूने लिहिलं: कार्यक्रम होईपर्यंत हात लावू नये. चिटणीस यांचा हुकूम. आणि खोलीला कुलूप लावलं.

शुक्रवारी दुपारी वरच्या टाकीने मान टाकली. इमारतीने खाली फळा वाचला आणि काय तो जाब रविवारीच विचारायचा असं ठरवलं.

काकांना हे कळायला हवं होतं. पण काका पन्नास प्रश्नांतून पंचवीस निवडण्यात गढलेले. बेसिनचा नळ कोरडा लागला तेव्हा त्यांनी पेल्यातलं पाणी घेऊन हात धुतले आणि एकोणीसशे अकराच्या आरशाकडे परत गेले. काकू शेजारच्या इमारतीतून बादल्या आणत होत्या आणि प्रत्येक फेरीला दारातून बोलत होत्या: "जरा खाली मोटारीचं बघा!"

"मोटारींचंच बघतोय," काका म्हणत.

रविवारी सव्वापाचला काका वह्या घेऊन हॉलमध्ये उतरले. चार खेपांत एकतीस वह्या आणल्या आणि टेबलावर बुरुजासारख्या रचल्या. पहिल्या रांगेत दहा खुर्च्या मांडून त्यांवर एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पाच वीसला दहाही खुर्च्या भरल्या. पाच पंचवीसला हॉल भरला. साडेपाचला लोक खिडक्यांत बसले, दारात दाटले. चौऱ्याऐंशी माणसं! काहींच्या हातात रिकाम्या बादल्या होत्या, पण आनंदाने आंधळ्या झालेल्या माणसाला बादल्या दिसत नाहीत. मागे काकू उभ्या होत्या, तोंड उघडं, हातात टेप. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू वर्षानुवर्षं आमटीत मीठ जास्त आहे असं सांगूनही कोणी न ऐकलेल्या माणसाने शेवटी ती आमटी न्यायाधीशाला चाखायला दिली आहे.

काका उभे राहिले. घसा साफ केला. स्टॉपवॉच दाबलं.

"प्रश्न पहिला. सर्वांत पहिली मोटार कधी धावली, आणि तिला बक्षीस का मिळालं नाही?"

चार पूर्णांक दोन सेकंद शांतता. मग विमावाले उठले. तीन दिवसांची दाढी, केस उभे. "बक्षीस? तिला बक्षीस द्यायचंय? काका, मी परवापासून अंघोळ केलेली नाही!"

"आधी पाणी सोडा, मग इतिहास सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकली-सवरलेली माणसं, कोणालाच कसं समजलं नाही की घोळ कुठे झालाय? तीन दिवस पारोशा असलेल्या माणसाला एका शब्दाचे दोन अर्थ सुचत नाहीत. माझ्यावर विश्वास नसेल तर करून बघा.

सोसायटीचे अध्यक्ष पुढे आले. हे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी घरात चहा मागतानासुद्धा 'सबब' म्हणतात. त्यांनी वह्यांच्या बुरुजाकडे बोट केलं. "चिटणीस, हे काय?"

"मोटारींचा इतिहास." काकांच्या आवाजात अभिमान होता. "एकतीस वह्या. चौतीस वर्षांच्या नोंदी. एकेक सेकंदाची नोंद आहे."

शिरस्तेदारांनी वरची एक वही उचलून हातात तोलून पाहिली.

"चौतीस वर्षं," शिरस्तेदार सावकाश म्हणाले, "मोटारीच्या नोंदी ठेवल्यात, आणि एकदाही सभेपुढे ठेवल्या नाहीत?"

"अहो, कोणी ऐकूनच घेत नव्हतं!"

"ते आम्ही ठरवू. मग मोटार बंद का पडली याचीही नोंद असेलच."

आत्ता कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडल्यावर माणसाने गप्प बसावं, एवढं साधं शहाणपण त्यांना झालं नाही. "नाही, नाही! ती मोटार नव्हे! ही मोटार वेगळी!"

"वेगळी?" मुख्याध्यापिका बाई उठल्या. "म्हणजे सोसायटीच्या दोन मोटारी आहेत?"

"दुसरी कुठंय? दाखवा!"

"अहो, ही आपली मोटार नव्हे. ही ती... जिला पळवतात!"

"पळवतात?" चौऱ्याऐंशी माणसं एका स्वरात म्हणाली.

"कोण पळवतं?" शिरस्तेदारांनी खिशातून पेन काढलं. "सावकाश सांगा. मी उतरवून घेतोय."

काकांनी ज्या ज्या दोरीला हात घातला ती ती त्यांच्याच गळ्याभोवती आवळली. 'चालक' म्हणाले तर चालकाचा पत्ता विचारला. 'फेऱ्या' म्हणाले तर त्या पाण्याच्या फेऱ्या कोणत्या विंगला जास्त मिळाल्या हे विचारलं. तेवढ्यात दारातल्या गर्दीतून मोटार दुरुस्तीवाला मिस्त्री आत आला. त्याने कुलूप तोडून पाहिलं होतं. बोटाला तांबडा रंग.

"मोटारीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "बटण बंद होतं. रंग ओला आहे."

"रंग कोणी सांगितला लावायला?"

वॉचमन पुढे आला, सावधान उभा राहिला. "काकांनी. म्हणाले, मोटार तर पहिली चकाचक पाहिजे. कार्यक्रम आहे."

पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही; काका माझ्या वयाचे आहेत, त्यांचीही काही लाज राखायला हवी. एवढंच सांगतो, की शिरस्तेदारांनी एकतीस वह्या 'पुराव्याचं दफ्तर' म्हणून ताब्यात घेतल्या. चौकशीसाठी उपसमिती नेमली. कोणाचाच कोणावर विश्वास नसल्यामुळे प्रत्येक मजल्याचा एक सदस्य घेतला. वह्या सोसायटीच्या लोखंडी कपाटात गेल्या. शिरस्तेदारांनी घरून लाखेची कांडी आणली, मेणबत्तीवर वितळवली आणि कुलपावर असा झोकात ठसा मारला की बारा वर्षांनी त्यांचा चेहरा तरुण दिसला.

"वह्या किती दिवस राहतील?" काकांनी विचारलं.

"दफ्तर नष्ट करता येत नाही," शिरस्तेदार म्हणाले. "कायमचं जतन."

म्हणजे वह्या वाचल्या. रद्दीवाल्याची आता हिंमत नव्हती. फक्त त्या उघडायला काकांना बंदी होती. ते 'संबंधित व्यक्ती' होते.

बुधवारी लेक बाळाला घेऊन आली. काकूंनी रिकामा खण पुसला, त्यात दुपटी रचली, लंगोट रचले. काका पलंगाच्या कडेला बसून बघत होते. त्या खणात जिथे एकाहत्तर सालचा शतांश सेकंद होता तिथे आता पावडरचा डबा आला. नात रडली की काका तिला मांडीवर घ्यायचे आणि सांगू लागायचे, "बरं का, अठराशे..." आणि थांबायचे. अठराशे किती? चौऱ्याण्णव की पंच्याण्णव? वही हाताशी नसली की आकडा जिभेवर यायचा आणि घसरायचा. चौतीस वर्षं ज्या माणसाने सगळं लिहून ठेवलं, त्याने लक्षात काहीच ठेवलं नव्हतं. हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि कळून करणार काय?

उपसमिती दर रविवारी बसे. शिरस्तेदारांचा कोर्टातला शिरस्ता असा, की दफ्तर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवायचं, मगच नोंद करायची. सील तोडायचं, वाचायचं, पुन्हा सील. काकांना आत प्रवेश नव्हता. ते बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसत. आतून शिरस्तेदारांचा खर्जातला आवाज येई, जिथे थांबू नये तिथे थांबणारा.

"'...मोटार धक्क्यावरून घसरून थेट समुद्रात. गेली. चालक पाण्याखाली दिसेनासा झाला.' पान उलटतो आहे. खोली चाळीस..."

"अहो, मग? पुढे काय झालं?" हा विमावाल्यांचा आवाज. कासावीस झालेला. "वर आला का नाही तो?"

"पान चिकटलंय. थुंकी लावा कोणीतरी."

बाहेर काकांनी कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरला. चौतीस वर्षं ते ज्या एका प्रश्नासाठी जिन्यात उभे राहिले होते, तो प्रश्न आत कोणीतरी विचारत होतं, आणि उत्तर द्यायला त्यांना मनाई होती. 'आला! पोहत आला! नाक फुटलं, बाकी धडधाकट!' असं ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉचमनने त्यांना खुर्ची आणून दिली. ती तांबड्या रंगाने माखली होती. रंग ओला होता.

पाच रविवारांनी उपसमितीचं पत्र आलं. कारणे दाखवा नोटीस. काकूंनी ती दारातच फोडली आणि दिवाणखान्यात बसून वाचली. काका पाय दुमडून समोर बसले, रंगाचा डाग पडलेल्या पायजम्यात.

"'एक,'" काकू वाचू लागल्या. "'वही चौदा. सोसायटीची मोटार समुद्रात पडल्याची नोंद आहे. ती समुद्रावर कोणाच्या परवानगीने नेली? दोन. वही बावीस. एका मोटारीला चारऐवजी सहा चाकं लावल्याची नोंद आहे. सोसायटीच्या मोटारीला एकही चाक नाही. उरलेली चाकं कुठे आहेत? तीन. वही सोळा. शेवटच्या फेरीत इंधन संपल्याने चालकाने मोटार ढकलत ढकलत रेषेपार नेली, असं लिहिलं आहे. आपली मोटार विजेवर चालते. सबब, इंधन कोणी काढलं? सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'"

काकू थांबल्या. मग त्यांनी खालच्या सह्या बोटाने मोजल्या. एकदा मोजल्या, परत मोजल्या.

"दहा आहेत," त्या म्हणाल्या.

"काय दहा?"

"माणसं. खुर्चीवर बसून, मध्ये न उठता. पाच रविवार." त्यांनी नोटीस घडी घालून टेबलावर ठेवली. "विमावाले तर काल मला जिन्यात विचारत होते, काकू, तो सहा चाकांवाला पुढे जिंकला का हो? मी म्हटलं, मला काय विचारता, तुमच्या समितीला विचारा."

अट जिंकल्याचं काकांना कळलं, पण जिंकून हातात काय, तर नोटीस. वह्या लाखेखाली, खण लंगोटांखाली. त्यांनी उठून टेबलाच्या ड्रॉवरमधून कोरी वही काढली. खुलासा लेखी द्यायचा तर कोऱ्या वहीत द्यावा, हा त्यांचा कारखान्याचा शिरस्ता. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: *मोटारींचा इतिहास.* टिंब एवढ्या जोराने दिलं की निब कागद फोडून खालच्या पानात गेलं.

मग 'प्रश्न तिसरा' लिहिलं आणि पेन अडलं. ढकलत नेली ती कोणत्या साली? छप्पन? सत्तावन्न? काका छताकडे बघत राहिले. छताला काही माहीत नव्हतं.

"एकोणसाठ," काकू म्हणाल्या. त्या बाळाचं दुपटं घडी करत होत्या आणि वर बघतही नव्हत्या. "डिसेंबर. शर्यतीत आला चौथा, तरी अख्ख्या वर्षाचा पहिला ठरला. ढकलून ढकलून रेषेपाशी आला आणि तिथेच कोसळला बिचारा."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. पेनातून शाईचा थेंब पानावर पडला.

"बघताय काय? लिहा. सहा चाकांचं शहात्तर." काकूंनी दुपटं गुडघ्यावर ठेवून वरून हात फिरवून नीट केलं. "आणि आता ही बत्तिसावी वही सोसायटीच्या त्या कपाटात ठेवायची नाही, सांगून ठेवते. मला द्या लिहून झाली की. मी माझ्या डाळीच्या डब्यात ठेवीन."